इख्तियार कुणाचा?

दास्तान ऐकणारा फक्त हुंकार देतो. रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये मात्र खेळणाराच नायक होतो. दोस्ती कुणाशी, दगा कुणाला, हे तोच ठरवतो. निदान तसे वचन त्याला दिलेले असते.

युबिसॉफ्ट कंपनीच्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'ने (२०१८) हे वचन मोडले. कथा प्राचीन ग्रीसची. नायक म्हणून अलेक्सिओस निवडा किंवा कसान्ड्रा. प्रेम पुरुषावर करायचे, स्त्रीवर, की कुणावरच नाही, तेही आपल्याच हाती. लोकांनी ही माणसे आपापल्या मनाप्रमाणे घडवली. मग जानेवारी २०१९ मध्ये पुरवणी कथेचा एक भाग आला आणि त्यात नायकाला मूल झाले. खेळणाऱ्याने काहीही उत्तर दिले तरी मूल होतेच! ज्यांनी आपला नायक समलिंगी म्हणून रंगवला होता, त्यांना हा अपमान वाटला. त्यात भर म्हणजे या प्रकरणानंतर मिळणाऱ्या बक्षिसाचे नाव 'ग्रोइंग अप', म्हणजे जाणते होणे. कंपनीने माफी मागितली, नाव बदलले, संवाद दुरुस्त केले. मूल तेवढे राहिले, कारण २०१७ च्या 'ओरिजिन्स'मधली मिसरी नायिका त्याच्याच वंशात जन्मायची होती. म्हणजे तकदीर आधीच लिहिलेली आणि इख्तियाराचा नुसता देखावा.

ठरलेली भूमिका मुळातच वाईट, असे मात्र नाही. 'मिराज' (२०२३) पाहा. नवव्या शतकातले अब्बासी बगदाद, आणि बासिम नावाचा रस्त्यावरचा चोर. इथे निवड जवळजवळ नाहीच. शिवाय हा बासिम २०२० च्या 'वल्हाला'त येऊन गेलेला, त्यामुळे तो गेम खेळलेल्यांना त्याचा अंजामही ठाऊक. तरी फसवणूक वाटत नाही. आपण त्याचा किस्सा ऐकायला बसलो आहोत, हे सुरुवातीलाच कळते. युद्धाच्या अनेक खेळांत मुसलमान नावाचा माणूस बंदुकीच्या समोर उभा असतो. ती भूमिकाही त्याने निवडलेली नसते. इथे तो बाजारातून, गच्च्यांवरून धावतो, हवे तर अरबीत बोलतो. एवढ्याने मन भरून येते.

खटकते ते पुढेच. बासिमला स्वप्नात छळणारा जिन्न आपल्या ओळखीचा वाटतो. त्याचे रहस्य मात्र शेवटी लोकी या उत्तर युरोपातल्या देवतेत निघते. निवड नव्हती याचे दुःख नाही. पण बगदादच्या या पोराचे रहस्य बगदादच्याच मातीत उलगडायला हवे होते.