न उलगडलेला राजा

मागच्या वेळी 'जाणणं' आणि 'हाताळणं' यांतल्या फरकाविषयी आपण बोललो. आज त्याचंच एक ठोस उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२१ मध्ये कैरोच्या रेडिओलॉजिस्ट सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी फेरो पहिला अमेनहोतेप याच्या ममीच्या सीटी-स्कॅनचा अहवाल प्रसिद्ध केला. एकही पट्टी न सोडता आतलं सगळं दिसलं: सुमारे पस्तिशीत वारलेला पुरुष, उंची १६९ सेंटिमीटर, अंगावर ३० ताईत, ३४ सोन्याच्या मण्यांचा कमरपट्टा.

वर्तमानपत्रांनी श्रेय यंत्राला दिलं. आम्हाला वाटतं, निम्मं श्रेय मास्पेरोचं आहे. १८८१ मध्ये देर अल-बहरीच्या गुप्त कोठडीत राजांच्या ममींचा साठाच सापडला. १८८६ मध्ये मास्पेरोने दुसऱ्या रामसेसची ममी खेदिवासमोर उलगडली. पाव तासही लागला नाही म्हणतात. पण अमेनहोतेपवरचा मुखवटा, फुलांच्या माळा, ती नेटकी बांधणी पाहून त्याचा हात थांबला. कारण शास्त्रीय नव्हतं बरं का, निव्वळ देखणेपणाचं होतं! पण न केलेल्या त्या कामामुळेच पुढच्यांना करायला काही उरलं.

आता उलट बाजू बघा. नोव्हेंबर १९२५. तुतनखामेनच्या शवपेटीत ओतलेली राळ दगडासारखी घट्ट झालेली. मग हॉवर्ड कार्टर आणि शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांनी तापवलेल्या सुऱ्या वापरल्या, देहाचे तुकडे केले, आणि शेवटी ते तुकडे वाळूच्या तबकात असे मांडले की छायाचित्रात देह सलग भासावा. तुकडे करणं ही त्या काळाची मर्यादा म्हणून एक वेळ समजून घेऊ. पण ते छायाचित्र? ते समजून घेणं आम्हाला जड जातं.

अहवालातला सर्वांत मोलाचा भाग मात्र पुरोहितांचा आहे. चोरांनी ही ममी मोडली होती. मृत्यूनंतर सुमारे चार शतकांनी, एकविसाव्या राजवंशाच्या काळात, पुरोहितांनी ती पुन्हा बांधली: सुटलेलं डोकं राळ लावलेल्या लिननच्या पट्टीने जोडलं, निखळलेला डावा हात गुंडाळून ठेवला. या मंडळींनी जुन्या राजांचे दागिने नव्यांसाठी पळवले असावेत, असा संशय होता. खुद्द या संशोधकांनीही तो धरला होता. इथे दागिने जागेवरच सापडले आणि त्यांनी स्वतःचंच गृहीतक सोडलं. एका ममीवरून सगळ्या पुरोहितांना निर्दोष ठरवता येणार नाही, हे खरं. तरी संरक्षणाचं शास्त्र आपल्यापासून सुरू झालं, हा समज इथे गळून पडतो.

खटकतो तो 'डिजिटल उलगडणं' हा शब्दप्रयोग. पट्टी सुटली नाही, म्हणून उघडं पाडणं टळलं का? राजाची सुंता झाली होती इथपर्यंत सगळं आता कुणीही वाचू शकतो. स्पर्श न करणं म्हणजे कापड वाचवणं. आडोसा राखणं ही वेगळी गोष्ट आहे. एप्रिल २०२१ मध्ये कैरोच्या रस्त्यांवरून २२ राजममींची मिरवणूक फुस्तातच्या संग्रहालयात गेली, त्यांत हाही होता. तिथे तो बांधलेलाच ठेवला आहे. मग त्याच्या देहाची चित्रं किती दाखवायची, हे कोणी ठरवायचं? यावरचे आक्षेप आपण चर्चेत घेऊ. माईक मागच्या रांगेकडे द्या.