स्मृतीचा शोध आणि निळी मोटार

एरिक कॅंडेल यांचा ‘इन सर्च ऑफ मेमरी’ हा २००६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आत्मचरित्र समजावा की शास्त्रग्रंथ, असा प्रश्न आरंभीच पडतो. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नातील एका ज्यू मुलास नवव्या वाढदिवशी खेळण्यातली निळी मोटार मिळते. दोनच दिवसांनी नाझी पोलीस कुटुंबास घराबाहेर काढतात. परत येऊन पाहावे तो मोटार नाहीशी! दारावरची ती थाप जन्मभर का विसरली नाही, हे कोडे ग्रंथकारांनी आपल्या शास्त्राशी जोडले आहे.

समुद्री गोगलगाईवरील प्रकरणे तर अप्रतिम उतरली आहेत. तिच्या नळीस वारंवार हलका स्पर्श केला की ती कल्ला आखडण्याचे हळूहळू सोडते. शेपटीस विजेचा झटका दिला की तोच स्पर्श तिला दचकवितो. पहिल्या प्रकारात दोन मज्जापेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, दुबळा होतो, दुसऱ्यात बळकट. शिक्षण लांबल्यास सांध्यांची संख्याच घटते वा वाढते. निर्ढावणे हेही शिकणेच होय, हे इतक्या स्वच्छपणे मांडलेले आम्ही क्वचितच वाचले आहे. (२००० सालचे नोबेल पारितोषिक ग्रंथकारांस उगाच मिळाले नाही!)

आमचा आक्षेप पुढचा आहे. भेदरलेली गोगलगाय झटक्याची हकीकत सांगू शकत नाही. मुलास मात्र मोटारीचा रंगही आठवतो. ग्रंथकार पुढे उंदराच्या मेंदूकडे वळतात खरे. पण सांधा किती बळावला हे कळल्याने त्यात काय साठले हे कळत नाही. या भेदास ग्रंथात याहून अधिक पृष्ठे मिळावयास हवी होती.