औषध आणि आठवण : ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’मधील प्राणिबुद्धीचा विचार

प्रास्ताविक

प्राण्यांना मानवसदृश बुद्धी लाभल्यास काय घडेल, या कल्पनेवर आधारलेल्या विज्ञानपटांत ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या मालिकेचे स्थान महत्त्वाचे आहे. पिएर बूल यांच्या १९६३ सालच्या फ्रेंच कादंबरीवरून १९६८ मध्ये पहिला चित्रपट निघाला. त्यातील बोलणारे कपी प्रेक्षकांसमोर आयतेच उभे राहतात. त्यांना बुद्धी कशी आली, याचे प्रयोगशाळेतील उत्तर रूपर्ट वायट दिग्दर्शित ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ने २०११ मध्ये दिले. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा नाशिकशी निगडित असलेल्या एका चित्रपट-वानराच्या संदर्भात केली आहे.

विवेचन

स्मृतिभ्रंशावरील औषधाची चाचणी एका चिंपांझी मादीवर होते. पिल्लाच्या रक्षणासाठी ती चवताळते. परंतु तो औषधाचा दुष्परिणाम समजून तिला गोळी घातली जाते. गर्भातच औषधाचा प्रभाव लाभलेले तिचे पिल्लू म्हणजे सीझर. मोठा झाल्यावर तोही घरातील वृद्धाच्या रक्षणासाठी शेजाऱ्यावर तुटून पडतो आणि पिंजऱ्यात जातो. आई व मुलगा यांची कृती एकच आहे. मुलगा अधिक बुद्धिमान आहे, तरीही माणसे दोघांच्या कृतीला हिंसाच म्हणतात. उणीव प्राण्याच्या बुद्धीत नसून ती पाहणाऱ्या दृष्टीत आहे, हे सांगणारी ही जोड चित्रपटाचे खरे सामर्थ्य होय.

मात्र चित्रपट या जाणिवेवर ठाम राहत नाही. सीझर सोबत्यांना मुक्त करण्यापूर्वी त्यांच्यावर औषधाचा प्रयोग करतो. त्याचा पहिला उच्चार ‘नाही’ हा आहे आणि त्या क्षणी प्रेक्षक पूर्णपणे त्याच्या बाजूचा होतो. म्हणजेच प्राणी माणसासारखा झाला की सहानुभूतीस पात्र ठरतो. ज्या आईला बोलता आले नाही, तिच्या मृत्यूचा विसर कथेला लवकर पडतो.

येथे नाशिकचा संदर्भ उद्बोधक ठरतो. नाशिक-त्र्यंबकेश्वर मार्गावरील अंजनेरी हे हनुमानाचे जन्मस्थान, अशी या परिसराची श्रद्धा आहे. त्र्यंबकेश्वर येथेच १८७० मध्ये दादासाहेब फाळके यांचा जन्म झाला. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर (१९१३) त्यांनी चित्रपटनिर्मितीचे केंद्र मुंबईहून नाशिकला हलवले. पुढे १९१७ मध्ये त्यांच्या ‘लंकादहन’मध्ये गणपत शिंदे यांनी हनुमान साकारला. हा विज्ञानपट नव्हे आणि दोन्ही कृतींची तुलना सरसकट करता येणार नाही. तथापि मूकपटातील हनुमान आणि अँडी सर्किस यांच्या अभिनयातून संगणकाच्या साहाय्याने घडलेला, बराच काळ अबोल असलेला सीझर या दोघांचीही बुद्धी प्रामुख्याने देहबोलीतूनच प्रकटते.

भेद आहे तो बुद्धीच्या उगमात. रामकथेत वानरांना वाणी कोणी देत नाही. ती त्यांची स्वतःची आहे. समुद्रतीरी जांबवान हनुमानाला विसरलेल्या सामर्थ्याची केवळ आठवण करून देतो. एकीकडे औषध, तर दुसरीकडे आठवण. अर्थात या परंपरेलाही मर्यादा आहे. तेथील वानर पूज्य ठरतो तो रामकार्याला वाहिलेला म्हणून. त्याने ‘नाही’ म्हटले असते तर काय, हा प्रश्न ती कथा विचारत नाही. तो विचारण्याचे श्रेय सीझरकडे जाते.

वास्तवाने मात्र तिसराच मार्ग दाखवला. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेच्या समितीने चिंपांझींवरील बहुतांश जैववैद्यकीय संशोधन अनावश्यक असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे २०१५ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या मालकीच्या उर्वरित संशोधन-चिंपांझींनाही निवृत्त करण्याचे जाहीर केले. त्यासाठी कोणत्याही चिंपांझीला बोलावे लागले नाही. माणसालाच आपली गरज तपासावी लागली.

निष्कर्ष

‘राइज’ हा प्राण्याच्या बुद्धीपेक्षा माणसाच्या आकलनाची परीक्षा घेणारा चित्रपट आहे. परंतु न्यायासाठी प्राण्याने आधी मानवसदृश व्हावे, ही अट तो मोडू शकत नाही. प्राण्याजवळ मुळातच असलेल्या जाणिवेची माणसाला आठवण होणे, हे या विषयावरील विज्ञानपटापुढील अद्याप अपुरे राहिलेले कार्य आहे.