पशुव्यवहारातील दुभाष्या

अरबीचे फ्रेंच करणारे पुष्कळ आहेत. परंतु गुरे, उंट व मेंढ्या यांच्या व्यवहारात विश्वासाने उभा करता येईल असा दुभाष्या दुर्मिळ. त्याच्या उणिवेचे कारण भाषेच्या अपुऱ्या ज्ञानात शोधण्याची प्रथा आहे. ते निदान आम्हांस मान्य नाही.

बार्शीटाकळीकडील शेतकरी बैलाचे वय वर्षांत मोजीत बसत नाही. ओठ उचलून तो दात पाहतो आणि 'अदात', 'दोनदाती', 'चारदाती', 'जुळलेला' असा निर्णय देतो. अरबीची रीतही हीच. 'सनी' म्हणजे पुढील दोन दुधाचे दात पाडलेले जनावर. 'रबाई' म्हणजे त्यांच्या बाजूचेही पाडलेले, अर्थात आपला चारदाती. केवळ कोश उघडणाऱ्यास 'रबाई'त चार हा आकडा दिसेल, दात दिसणार नाहीत. शिवाय हनफी धर्मशास्त्राप्रमाणे 'सनी' उंट पाच वर्षे पूर्ण केलेला, गाय दोन, बकरी एक. शब्द एक, वये तीन. दुभाष्याने सरसकट 'दोन वर्षांचे' म्हटले, तर उंटाचा सौदाच खोटा ठरेल.

मग असा दुभाष्या शोधावा कोठे? एकोणिसाव्या शतकातील ईजिप्तचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. अबू झाबल येथील पशुवैद्यक विद्यालयात फ्रेंच ग्रंथ अरबीत उतरत, तेव्हा त्यांची भाषा शुद्ध करण्याचे काम मुहंमद इब्न उमर अल्-तूनिसी हे पंडित करीत. त्यांच्याजवळ अरबी शिकलेले फ्रेंच वैद्य निकोला पेराँ यांनी पुढे मामलूक अश्वशाळेतील अबू बक्र इब्न बद्र यांचा अश्वविद्येवरील ग्रंथ 'नासिरी' फ्रेंचमध्ये आणला (१८५२ ते १८६०). त्यांच्या कार्यामागे शब्दज्ञ व शरीरज्ञ यांचा दीर्घ सहवास होता; एकट्या कोशाच्या बळावर ते उभे राहिले नसते.

यावर कोणी म्हणेल की, दोन्ही भाषा जाणणारा पशुवैद्य एकटाच पुरेसा आहे. तसे नाही. रोगाचे नाव तो जाणील; बाजारातील बोली त्यास कळेलच असे नाही. तात्पर्य, असा दुभाष्या आयता सापडत नाही. तो जोडीने घडवावा लागतो. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने तेथील पशुतज्ज्ञासह बार्शीटाकळीच्या गोठ्यांत जाऊन वऱ्हाडी व उर्दू संज्ञा दातासमोर उभे राहून टिपाव्यात. ज्यास आपल्या बोलीतला चारदाती ओळखता येत नाही, त्याने परभाषेतील 'रबाई'चा अर्थ सांगण्याचे धाडस करू नये.