दार आणि बॉनेट

जुन्या मोटारींवर लिहिणारे बहुतेक जण जर्मनीच्या मर्सिडीज 300 एसएलला 'तंत्र' आणि इंग्लंडच्या जॅग्वार ई-टाइपला 'सौंदर्य' अशी खाती वाटून देतात. गेली काही वर्षं जुनी कार्यपुस्तकं आणि रेखाटनं चाळताना मला ही वाटणी पटेनाशी झाली आहे.

1954 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आलेल्या 300 एसएलची पंखासारखी वर उघडणारी दारं दिमाखासाठी केली, असा समज आहे. खरं कारण सांगाड्यात आहे. बारीक नळ्यांचा तो सांगाडा बाजूंनी इतका उंच येतो की नेहमीच्या दाराला जागाच उरत नाही. 1952 च्या शर्यतीच्या गाडीतली ही अडचण रस्त्यावरच्या गाडीतही तशीच आली आणि तीच तिची ओळख झाली. आत शिरायला स्टिअरिंग कलतं करावं लागतं, काचा खाली होत नाहीत, उन्हाळ्यात आत भट्टी! सौंदर्य आहे, पण ते गरजेतून उगवलेलं.

ई-टाइपचं उलट आहे. 1961 साली जिनिव्हात आलेल्या या गाडीचा आकार विमान कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयरने गणिताने बिंदू मांडून आखला. लोक जिला शिल्प म्हणतात ते लांबलचक बॉनेट आकडेमोडीतून आलं आहे. म्हणजे 'सुंदर' गाडी हिशेबी निघाली आणि 'हिशेबी' गाडीचं रूप नाइलाजाचं! शिवाय ई-टाइपची किंमत ॲस्टन मार्टिन डीबी-4च्या जवळपास निम्मी होती. मला तिची खरी थोरवी इथेच वाटते. अर्थात ताशी 150 मैलांचा गाजलेला वेग खास तयार केलेल्या गाड्यांचा होता. सुरुवातीच्या गिअरबॉक्सलाही पहिल्या गिअरचा सिंक्रोमेश नव्हता.

संग्राहकांच्या बाजारात मात्र हा विचार चालत नाही. दारांची 300 एसएल फक्त 1,400 बनली, ई-टाइप बहात्तर हजारांवर. त्यामुळे पहिली दशलक्ष डॉलरच्या पलीकडे जाते आणि दुसरी बरीच मागे राहते. दुर्मीळपणाला गुण समजण्याची ही सवय मला खटकते. त्याहून खटकतं ते पुनरुज्जीवन. आज पत्र्यांच्या फटी कारखान्यात कधी नव्हत्या इतक्या नेमक्या जुळवल्या जातात. कामगारांच्या हातांचा माग त्यात पुसला जातो.

आणि वापराचं काय? 300 एसएलमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन बंद केल्यावरही ते थांबेपर्यंत पंप थोडं पेट्रोल ढकलत राहतो, आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. लांबच्या प्रवासात तेल तापून ते उडून जातं. प्रदर्शनाच्या मैदानावर पाच मिनिटं फिरवून झाकून ठेवलेल्या गाडीत ते साचत राहतं. लिलावाच्या यादीत रंगाची जाडी लिहिलेली असते, पण तेल शेवटचं पूर्ण कधी तापलं होतं, हे लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.