अब्दुल्ला खान शीख कसा?

आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास अवांतर वाचनाचा असतो. माध्यम उर्दू, गाव मराठी आणि त्या दिवशी गोष्ट होती लंडनची. आर्थर कॉनन डॉयल यांची 'द साइन ऑफ फोर' ही १८९० सालची कादंबरी आम्ही तोंडी सांगत होतो. गोष्ट शेवटाकडे आली. लाकडी पायाचा जोनाथन स्मॉल आपली हकीकत सांगू लागला. १८५७चा गदर, आग्र्याचा किल्ला, एका दरवाजावर पहाऱ्याला तो आणि त्याच्या हाताखाली दोन पंजाबी शिपाई. एक महोमेट सिंग, दुसरा अब्दुल्ला खान. तिसरा साथीदार दोस्त अकबर. शीख माणूस जी कसम कधी मोडत नाही ती आम्ही खाऊ, असे अब्दुल्ला खान स्मॉलला सांगतो. इथे मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, अब्दुल्ला खान सिख कैसे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रश्न कसे विचारावेत हे बी.एड.ला शिकवतात, असल्या प्रश्नाचे काय करावे ते शिकवत नाहीत. खरे तर हे पुस्तक आम्ही त्याआधी तीन वेळा वाचले होते आणि तिन्ही वेळा या जागेवरून सरळ पुढे गेलो होतो. डॉयल यांना तिकडच्या माणसांची नावे हवी होती, ती त्यांनी हाताला लागली तशी उचलली. चुकले ते चुकले. पण वाचताना आम्ही कुठे उभे होतो? वॉटसनच्या खांद्यामागे. तिथून अब्दुल्ला खान आम्हांलाही तसाच दिसला जसा लंडनच्या वाचकाला दिसला असेल, म्हणजे दाढी, खंजीर आणि कसम.

होम्सला त्याच्या बेकर स्ट्रीटवरून उचलून दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या काळात नेऊन ठेवणाऱ्या कथा अलीकडे इंग्रजीत पुष्कळ लिहिल्या जातात. २०१४ साली डेव्हिड थॉमस मूर यांनी संपादित केलेला 'टू हंड्रेड अँड ट्वेंटी-वन बेकर स्ट्रीट्स' हा संग्रह तर याच कल्पनेवर उभा आहे. त्यात होम्स अमेरिकेतल्या फिरत्या सर्कशीत भेटतो, अँडी वॉरहोलच्या न्यूयॉर्कमध्ये भेटतो, दक्षिण आफ्रिकेत भेटतो, चेटकिणींच्या खटल्यांच्या जुन्या काळातही भेटतो. कल्पना मजेची आहे. वाचायला घेतले की सोडवत नाही. पण त्या मुलीचा प्रश्न डोक्यात घेऊन बसलो तर यातल्या बऱ्याच कथांविषयी एक शंका येते. मुक्काम बदलला, नजर बदलली का?

होम्सची विद्या ही मुळात एका शहराची विद्या आहे. बुटावरचा चिखल पाहून तो माणूस लंडनच्या कोणत्या भागातून आला ते सांगतो, कारण त्या भागाची माती त्याने पाहिलेली असते. तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर त्याने पुस्तिका लिहिलेली असते. (कानझाकी टोपी त्याला सिडनी पॅजेट या चित्रकाराने घातली, डॉयल यांनी तिचे ते नाव कुठे लिहिलेले नाही. आज मात्र होम्स म्हटले की आधी टोपीच आठवते.) हा माणूस दुसऱ्या मुलखात गेला तर त्याला अलिफ-बे पासून सुरुवात करावी लागेल. तिथली माती वेगळी, तंबाखू वेगळी, कोण कोणाच्या घरात कोणत्या दाराने शिरतो याची रीत वेगळी. ज्या कथेत लेखक एवढी मेहनत घेतो तिथे होम्स नव्याने जन्मतो. जिथे घेत नाही तिथे टोपी आणि पाइप तेवढे बोटीत बसून आलेले असतात.

या सगळ्या गर्दीत एका कथेने आम्हांला थांबवले. नील गेमन यांची 'अ स्टडी इन एमराल्ड', २००३ सालची. मायकेल रीव्हज आणि जॉन पेलन यांच्या 'शॅडोज ओव्हर बेकर स्ट्रीट' या संग्रहात ती आली आणि २००४ साली तिला ह्युगो पुरस्कार मिळाला. शेवट सांगितल्याशिवाय तिच्याविषयी बोलता येत नाही, तेव्हा ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी माफ करावे.

लंडनच आहे, साल १८८१ आहे. पण या जगावर काही शतकांपासून अमानुष, प्राचीन शक्तींचे राज्य आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांतल्या शक्ती त्या. राणीही त्यांच्यातलीच. अफगाणिस्तानच्या लढाईत खांद्याला भयंकर जखम होऊन परतलेला एक फौजी स्वस्त खोली शोधत असतो. त्याला एक विलक्षण बुद्धीचा माणूस भेटतो, जो बघताक्षणी त्याचे अफगाणिस्तान ओळखतो. दोघे बेकर स्ट्रीटवर एकत्र राहू लागतात. मग एका राजपुत्राचा खून होतो. भिंतीवर हिरव्या रक्ताने सूडाचा जर्मन शब्द. १८८७च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'चा आराखडा जसाच्या तसा, फक्त रंग लालचा हिरवा. वाचक खूश असतो की आपण सगळ्यांना ओळखले.

आणि तिथेच तो फसतो. शेवटी कळते की खुनी म्हणून ज्यांचा शोध चालला होता, तो उंच नट आणि तो लंगडा डॉक्टर, ते होम्स आणि वॉटसन आहेत. ज्याला आपण होम्स समजत होतो तो मोरियार्टी. आणि गोष्ट सांगणारा फौजी सही करतो तेव्हा अक्षरे निघतात एस. आणि एम. म्हणजे सेबॅस्टियन मोरन.

ही नुसती हातचलाखी नाही. डॉयल यांच्या 'द एम्प्टी हाउस' या १९०३च्या कथेत कर्नल मोरन पकडला जातो, तेव्हा त्याची नोंद होम्स वॉटसनला वाचायला देतो. त्यात अफगाण मोहिमेतली नोकरी आहे. म्हणजे वॉटसन आणि मोरन हे दोघेही एकाच लढाईतून आलेले आहेत. एकाला सव्वाशे वर्षे आपण भला माणूस मानले, दुसऱ्याला बदमाश. अफगाणिस्तान ऐकल्याबरोबर आपण वॉटसन समजलो, तो आपला अंदाज होता. गेमन यांनी पुरावा लपवलाच नव्हता.

एक जागा आम्हांला सुरुवातीला खटकली. कथेतला फौजी अफगाणिस्तानच्या माणसांना आणि तिथल्या देवांनाही रानटी म्हणतो. लंडन, बर्लिन, मॉस्को कोणाचेच राज्य ते मानत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. आम्ही म्हटले, झाले, इथेही तेच! पण शेवट वाचून परत मागे आलो. जग राक्षसांच्या हाती आहे आणि फक्त त्या डोंगरांतले लोक त्यांना जुमानत नाहीत. त्यांना रानटी म्हणणारा राक्षसांचा पगारी नोकर आहे. वाक्य तेच राहिले, त्याची किंमत पालटली. हे गेमन यांनी जाणून केले असे आम्हांस वाटते. तरी एक गोष्ट राहतेच. ते डोंगरातले लोक कथेत एक शब्दही बोलत नाहीत. नजर उलटली, पण आवाज अजून लंडनचाच.

आवाज बदलला तो जामयांग नोर्बू यांनी. ही कथा नव्हे, कादंबरी आहे, पण तिला वगळून चालणार नाही. 'द एम्प्टी हाउस'मध्येच होम्स सांगतो की मधल्या काळात तो दोन वर्षे तिबेटमध्ये फिरत होता. डॉयल यांनी एवढ्यावर विषय सोडला. त्या दोन वर्षांवर एका निर्वासित तिबेटी लेखकाने १९९९ साली 'द मंडला ऑफ शेरलॉक होम्स' लिहिली. सांगणारा वॉटसन नाही. किपलिंग यांच्या 'किम'मधला बंगाली बाबू हरी चंदर मुखर्जी आहे. होम्स बोटीतून मुंबईला उतरतो आणि बाबू त्याला पाहतो. पाहणारा आता आपल्या बाजूचा आहे. ज्याचा देश गेला त्याने परक्याच्या एका वाक्यात आपला देश शोधून काढला, याला आम्ही मोठी गोष्ट मानतो.

उर्दूत इब्ने सफी यांनी दुसरा मार्ग घेतला. १९५२ सालापासून त्यांनी फरीदी आणि हमीद उभे केले, नाव नसलेल्या आपल्याच एका शहरात, आणि होम्सला कुठून आणण्याची गरजच ठेवली नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने त्या कादंबऱ्या आण्या-दोन आण्याने भाड्याने आणून वाचल्या. पण तो वेगळा विषय आहे.

आम्हांला परत 'द एम्प्टी हाउस'कडे जायचे आहे. तिबेटच्या त्या वाक्यानंतर होम्स आणखी एक वाक्य बोलतो. इराणमधून गेलो, मक्केत डोकावलो, खार्तूमला खलिफाची भेट घेतली. बस्स, पुढे. खलिफा त्या वेळी खार्तूमला नव्हे, नदीपलीकडे ओमदुर्मानला राहत होता, ते सोडून देऊ. पण मक्केत डोकावलो! आमच्या आजीने आयुष्यभर ज्या जागेची वाट पाहिली तिथे हा गृहस्थ रस्त्यात लागली म्हणून डोकावतो. गैरमुस्लिमाला तिथे प्रवेश नाही हे डॉयल यांना माहीत असणार, कारण रिचर्ड बर्टन १८५३ साली वेश बदलून तिथे गेला आणि त्यावरचे त्याचे पुस्तक गाजलेले होते. बर्टनने घेतलेले नाव होते अब्दुल्ला.

तिबेटच्या वाक्याला नोर्बू मिळाले. मक्केच्या अर्ध्या वाक्यावर कोणी चांगली कथा लिहिली असेल तर ती आमच्या वाचनात आलेली नाही. ती आपल्यापैकीच कोणी लिहावी, मराठीत लिहिली तर फारच छान. होम्स तिथे काय पाहील? बुटावरचा चिखल तर नाही, पायांत बूट नसतील. एकसारख्या दोन पांढऱ्या चादरींतल्या हजारो माणसांत मोची कोण, सरदार कोण, हे तो कशावरून ओळखील? की तिथे त्याची विद्या प्रथमच लटकी पडेल?

वर्गात आम्ही हे सांगितले तेव्हा मुले हसली. मागच्या बाकावरची ती मुलगी हसली नाही. तिने विचारले, होम्सने एहराम बांधला होता का, आणि बांधला असेल तर पाइप कुठे ठेवला?