नटाचे ग्रंथज्ञान : काशीची साक्ष

अभिजात साहित्यकृतीवरून चित्रपट निघाला, की त्यातील नटाने मूळ ग्रंथ वाचला होता की नाही, हा प्रश्न साहित्यिक वर्तुळात हटकून उपस्थित होतो. आणि चित्रपटसृष्टीतून त्याला बहुधा उपेक्षेचे उत्तर मिळते. ज्याने ग्रंथ वाचला नाही त्याला पात्राचा अंतरात्मा कसा गवसणार, असे साहित्यिक विचारतात. नटासमोर असते ती पटकथा, ग्रंथ हा पटकथाकाराचा प्रांत, असे चित्रपटकार सांगतात. दोन्ही पक्षांनी ग्रंथज्ञान म्हणजे काय, हे मात्र गृहीत धरलेले असते. वस्तुतः वादाचे मूळ तेथेच आहे.

या प्रश्नाची उकल वाराणसीच्या आधाराने करण्यास सबळ कारण आहे. गंगेच्या पैलतीरी रामनगरात एकोणिसाव्या शतकापासून काशीनरेशांच्या आश्रयाने चालत आलेली रामलीला आहे, आणि नगरापासून जवळच असलेल्या लमही या खेड्यात 1880 साली प्रेमचंदांचा जन्म झाला. भारतीय भाषांतील ज्या कथाकारांच्या कृती पडद्यावर वारंवार आल्या, त्यांत त्यांची गणना होते. एकीकडे ग्रंथाला प्राणभूत मानणारे नाट्य, दुसरीकडे ग्रंथापासून सुटून निघालेला चित्रपट : दोहोंतील अंतर पाहिले म्हणजे नटाकडून नेमके काय मागावे, याचा काही अंदाज येतो.

रामनगरची लीला सुमारे महिनाभर चालते. अयोध्या, जनकपूर, लंका अशी तिची स्थळे गावभर विखुरलेली आहेत, आणि प्रेक्षक लीलेबरोबर एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जातात. रामायणी मंडळी तुळसीदासांच्या ‘रामचरितमानसा’चे गायन करतात, ते थांबले की पात्रे आपले संवाद उंच व लांबवलेल्या स्वरात म्हणतात. राम, सीता, लक्ष्मण इत्यादी ‘स्वरूपे’ म्हणजे कोवळ्या वयाची मुले. व्यास त्यांना आधी संवाद पढवतात, आणि प्रत्यक्ष लीलेत हाती पोथी घेऊन त्यांच्या मागे उभे राहतात. मुलगा अडखळला की शब्द पुरवतात. अशा मुलाने संपूर्ण मानसाचे परिशीलन केलेले असावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. तरीही ही लीला ग्रंथनिष्ठ आहे याबद्दल कोणाला शंका येत नाही, कारण ग्रंथ त्या मुलाच्या सभोवार उभा आहे. तो रामायण्यांच्या कंठात आहे, व्यासांच्या हातात आहे, आणि मानसाची प्रत उघडून चौपाईमागून चौपाई अनुसरणाऱ्या प्रेक्षकांच्या मांडीवर आहे. भरताने नाट्याच्या सिद्धीचा विचार करताना प्रेक्षक आणि प्राश्निक यांच्या योग्यतेची जी चर्चा केली आहे, तिचे इतके जिवंत उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. ग्रंथज्ञान ही तेथे समूहाची ठेव आहे. नट तिच्यावर तरंगतो.

मराठीतही याला समांतर असे एक उदाहरण आहे. 1953 साली आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, तेव्हा श्यामची भूमिका करणाऱ्या बालवयीन माधव वझे यांच्या ग्रंथव्यासंगाची विचारपूस कोणी केली नाही, आणि ते योग्यच झाले. साने गुरुजींचे पुस्तक मराठी घरांत आधीच मुरलेले होते. वनमालाबाईंच्या आईला आणि त्या मुलाला प्रेक्षकांच्या स्मरणाचे पाठबळ होते.

प्रेमचंदांच्या कृतींना पडद्यावर असे पाठबळ मिळाले नाही. त्यांचे वाचक पुष्कळ. पण चित्रपट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना कथा अपरिचित, आणि कित्येकदा भाषाही. 1934 साली अजंठा सिनेटोनच्या बोलावण्यावरून ते स्वतः मुंबईस गेले, मोहन भवनानींच्या ‘मजदूर’साठी त्यांनी लेखन केले आणि वर्षभराच्या आतच उद्विग्न होऊन 1935 मध्ये बनारसला परतले. लेखकाला त्या व्यवसायात काय स्थान आहे, याचा धडा त्यांना पुरेसा मिळाला होता. 1936 साली ते निवर्तले. पुढे चित्रपट निघाले ते त्यांच्या पश्चात.

‘शतरंज के खिलाडी’चा विचार करू. 1924 च्या मूळ कथेत मीर आणि मिर्झा हे दोघे नवाबी सरदार राज्य बुडत असताना बुद्धिबळात दंग राहतात आणि अखेर डावावरून भांडून तलवारीने एकमेकांचा जीव घेतात. राजकीय पौरुष लोपले तरी वैयक्तिक शौर्य त्यांच्यात शिल्लक होते, हे लेखकाने बजावून सांगितले आहे. कथेचा सारा उपरोध त्यावरच उभा आहे. सत्यजित राय यांच्या 1977 च्या चित्रपटात दोघे जिवंत राहतात, स्वतःच्या भीरुतेची कबुली देतात आणि इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडतात. आता संजीवकुमार अथवा सईद जाफरी यांनी कथा वाचून त्या अंतिम तलवारीच्या दिशेने आपली भूमिका बांधली असती, तर ती या चित्रपटात विसंवादी ठरली असती. येथे नटाला कथानकाच्या ज्ञानाचा उपयोग नाही, अपायच संभवतो. दिग्दर्शकाने काय सोडले आणि का सोडले, हे जाणणे हा त्याच्या बुद्धीचा आनंद असेल, भूमिकेचे साधन नव्हे. त्याला खरी आवश्यकता होती ती वाचिकाची : लखनवी उर्दूच्या लयीची, तिच्यातील शिष्टाचारात दडलेल्या आळसाची. चित्रपटाचे संवाद शमा झैदी व जावेद सिद्दिकी यांनी लिहिले. आणि जाफरींचा मीर आजही ध्यानात राहतो तो या वाचिकाच्या बळावर.

‘सद्गती’ची गोष्ट निराळी आहे. दूरदर्शनसाठी राय यांनीच 1981 साली केलेला हा लहानसा चित्रपट कथेशी अत्यंत इमानी आहे. त्याच्या संवादलेखनात प्रेमचंदांचे पुत्र अमृत राय यांचा हात होता. मुलीच्या वाङ्‌निश्चयाचा मुहूर्त काढून घ्यावा म्हणून दुखी हा चर्मकार पंडिताच्या दारी जातो, उपाशीपोटी राबतो, लाकडाची चिवट गाठ फोडता फोडता मरतो. दुखी झालेले ओम पुरी, झुरिया झालेल्या स्मिता पाटील आणि पंडित घासीराम झालेले मोहन आगाशे : तिघांचाही पुण्याशी संबंध. (‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणीस करणाऱ्या नटाच्या वाट्याला अशा नावाचा ब्राह्मण यावा, हा योगायोग मोठा मार्मिक!)

परंतु इमानी रूपांतरातही एक गोष्ट हरवतेच, आणि ती म्हणजे निवेदकाचा स्वर. प्रेमचंदांची कथा घडते ती त्या कोरड्या, दंश करणाऱ्या स्वरात. पंडिताची पूजा, गंध, भांग यांचे वर्णन निवेदक करतो ते एखाद्या सज्जनाची दिनचर्या सांगावी तसे. दुखीला काही खायला द्यावे, असा विचारही त्या घरात निघतो. मग चर्मकाराला किती भाकऱ्या लागतील याचा हिशेब होतो, आणि उन्हात कोण खपणार म्हणून तो विचार बारगळतो. हा तपशील नटाच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचा आहे. ज्याला केवळ प्रसंगांची यादी ठाऊक आहे तो घासीराम क्रूर रंगवील. ज्याने हे पान नीट वाचले आहे त्याला कळेल, की या माणसाच्या मनात द्वेष नाही. आहे ती निव्वळ सवय. आगाशे यांचा पंडित कोठेही खलपुरुष होत नाही. प्रेताच्या पायात दोर अडकवून ते ओढून नेताना तो त्रासलेला दिसतो, आणि नंतर गंगाजल शिंपडताना मनोमन स्वस्थ. उपरोध करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतलेले नाही. ओम पुरींच्या बाबतीतही हेच. पंडिताइणीने लांबून फेकलेल्या निखाऱ्याने डोके पोळले असता आपण पवित्र घर विटाळले त्याचेच हे फळ, असे कथेतील दुखीला वाटते. त्याच्या श्रद्धेची ही खोली ज्याला माहीत आहे, तोच नट लाकडावरचा घाव संतापाचा न करता आज्ञापालनाचा करू लागेल, आणि संताप कधी सुरू झाला हे प्रेक्षकाला उशिरा उमगेल.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. कथेत पुढे काय घडते, हे ज्ञान पटकथा पुरवते, आणि ती मूळ कथेपासून ढळली असेल तर तेच प्रमाण. परंतु पात्राकडे लेखक कोणत्या स्वराने पाहतो, हे ज्ञान कोणतीही पटकथा देऊ शकत नाही. ते वाक्यांत असते. रामनगरातील मुलाला तो स्वर रामायण्यांकडून ऐकू येतो. चित्रीकरणाच्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या नटामागे पोथी घेतलेला व्यास नसतो, आणि समोर बसलेल्या तंत्रज्ञांच्या मांडीवर ‘मानस’ नसते. तेव्हा त्याने स्वतःच वाचावे, ही मागणी रास्त आहे. मात्र तिचा रोख शैलीकडे हवा.

त्रिलोक जेटली यांच्या 1963 च्या ‘गोदान’मध्ये राजकुमार होरी झाले आणि कामिनी कौशल धनिया. संगीत रविशंकरांचे, त्यातील पूरबी वळणाची गाणी चित्रपटापेक्षा अधिक टिकली, ही गोष्ट बोलकी आहे, कारण मातीचा स्वर त्या गाण्यांनीच नेमका पकडला होता. राजकुमारांच्या उच्चारातील नागर रुबाब होरीच्या लाचार चतुराईला जुळता येणे मुळातच कठीण होते, आणि नुसत्या वाचनाने ते साधले असते असेही नाही. पण कादंबरीच्या अखेरीस धनिया मरणासन्न नवऱ्याच्या नावाने वीस आणे पुढे ठेवते, तो प्रसंग पाहावा. पडद्यावर दिसतात ती नाणी. ग्रंथ वाचणाऱ्याला ठाऊक असते, की ते पैसे त्याच दिवशी विकलेल्या सुतळीचे आहेत. आणि दिवसा उन्हात खडी खणून आलेला होरी रात्री जागून तीच सुतळी वळीत बसे. धनिया करणाऱ्या अभिनेत्रीची बोटे ती नाणी सोडताना कशी वागतील, हे त्या सुतळीवर अवलंबून आहे.